बेकिर उस्ताची न वाचलेली सही

आमच्या इमारतीत रविवारी गालिचा झटकायला मनाई आहे, हे व्हिएन्नात जन्मलेल्या लोकांना बेकिर उस्तानं शिकवलं. चार जिने, बासष्ट बिऱ्हाडं, आणि तळमजल्यावर दार क्रमांक एकमध्ये महापालिकेनं नेमलेला हा केअरटेकर. मूळचा तुर्कस्तानातल्या योझगातकडच्या खेड्यातला वेल्डर, म्हणून आम्ही तुर्क मंडळी त्याला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणायचो. बाकीचे काय म्हणायचे ते जिन्यात सायकल ठेवणाऱ्यांना विचारावं. इमारतीची नियमावली त्याला कलमांसकट पाठ होती. ती पूर्ण वाचलेला तो एकटाच माणूस. ती लिहिणाऱ्यानं वाचली होती की नाही, याची मला शंका आहे.

१९९७ साली त्याला ऑस्ट्रियाचं नागरिकत्व मिळालं. इथं दोन नागरिकत्वं चालत नाहीत. आधी जुनं सोडल्याचा दाखला आणायचा, मग एका सभागृहात उभं राहून शपथ घ्यायची, की प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ राहीन, कायदे पाळीन, देशाच्या नावाला बाधा येईल असं काही करणार नाही. माझा धंदा दुभाष्याचा, म्हणून सगळे मला गुरुजी म्हणत, आणि असे समारंभ मी पुष्कळ पाहिले. लोक शपथ म्हणत, राष्ट्रगीताला उभे राहत, आणि पुढच्या आठवड्यात दूतावासात जाऊन सोडलेलं तुर्की नागरिकत्व परत घेत. यात कोणाला लबाडी वाटत नसे. टायरचं दुकान चालवणारा रुस्तेम म्हणायचा, "घरात आई असते, सासू असते. दोघींना तूच माझी म्हणायचं. दोघींनाही ठाऊक असतं."

बेकिरनं परत घेतलं नाही.

"शब्द दिलाय," तो म्हणाला.

"कोणाला? त्या टेबलामागच्या बाईला?" रुस्तेमनं विचारलं. "तिचं लक्ष घड्याळाकडे होतं."

"माझं नव्हतं."

त्या दिवसापासून चहाच्या अड्ड्यावर त्याचं नाव पडलं 'शपथविधी'. "शपथविधी आले, त्यांना चहा सांगा." दर उन्हाळ्यात गावी जाताना अंकाराच्या विमानतळावर तो परदेशी लोकांच्या रांगेत उभा राही. रुस्तेम शेजारच्या रांगेतून पुढे निघून जाई आणि काचेपलीकडून हात हलवी. वीस वर्षं हे चाललं.

मग २०१७ साली इथल्या एका पक्षाच्या हाती कुठूनशी एक यादी लागली. तुर्कस्तानात मतदानाचा हक्क असलेल्या, पण इथले पासपोर्ट बाळगणाऱ्या लोकांची म्हणे. लाखभर नावं. ती खरी की खोटी हे कोणालाच सांगता येईना, म्हणून सगळ्यांना पत्रं गेली. आपण तुर्की नागरिक नाही हे आपण सिद्ध करावं, दोन महिन्यांत. नसलेल्या गोष्टीचा दाखला आणायचा होता. यादीत रुस्तेम होता, आणि बेकिरही होता.

आमच्या मंडळींच्या वकिलानं सगळ्यांना एकच सल्ला दिला: काहीही देऊ नका. मिळत नाही म्हणा. रुस्तेमनं तो पाळला. त्याचे दोन्ही पासपोर्ट बिस्किटांच्या एकाच डब्यात होते.

"ज्यांनी केलंय त्यांना सल्ला ठीक आहे," बेकिर म्हणाला. "मला कसली भीती?"

तो सुटी टाकून तुर्की दूतावासात गेला, स्वतःच्या नोंदीचा उतारा काढला आणि भाषांतरासाठी माझ्याकडे आला. पाकीट बंदच होतं. आत आपलं नाव काट मारलेलं असणार, याबद्दल तो निश्चिंत होता. मी फोडलं. सोडल्याची नोंद होती. तिच्याखाली आणखी एक ओळ होती: स्वतःच्या अर्जावरून पुन्हा नागरिकत्वात घेतले, मे १९९९.

मी ती ओळ त्याला दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः वाचली.

"मे महिन्यात आई गेली," तो म्हणाला.

आई वारली तेव्हा गावचं घर भावाच्या नावे करायला मुखत्यारपत्र हवं होतं. त्यासाठी तो दूतावासात गेला होता. कारकुनानं कागदांचा गठ्ठा पुढे केला, इथं सही, इथं, आणि इथं. तो रडत होता. इमारतीतल्या पाण्याच्या मीटरची पावतीही उलटून पाहणाऱ्या या माणसानं जन्मात एकदाच न वाचता सह्या केल्या. कारकुनाचा बहुधा चांगलाच हेतू असावा. तेव्हा जुनं नागरिकत्व सगळ्यांनाच परत हवं असे, म्हणून त्यानं तो अर्जही गठ्ठ्यात घातला.

"उस्ता," मी म्हणालो, "मी अजून शिक्का मारलेला नाही. हा कागद तुम्ही पाहिलाय आणि मी. मी विसरेन."

"मी?"

"तुम्हीही विसरा."

"गुरुजी, कालपर्यंत मला माहीत नव्हतं. आज माहीत झालं. आता लपवला तर मग मी खरंच खोटा."

त्याच्या बायकोला, गुलिझारला, त्यानं संध्याकाळी सांगितलं. ती मिरच्या चिरत होती. "त्या खरेपणाचं काय लोणचं घालू?" ती म्हणाली. "अख्खी गल्ली दोन-दोन पासपोर्टांवर झोपलीय. तुम्हालाच का खाज?"  सकाळी त्यानं माझ्याकडून शिक्का मारून घेतला आणि कागद सरकारी कचेरीत स्वतः नेऊन दिला. पोचपावती मागून घेतली.

निकाल पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आला. नागरिकत्व गेलं, तेही आत्तापासून नव्हे, मे १९९९ पासून. म्हणजे एकोणीस वर्षं तो इथं विनापरवाना परदेशी म्हणून राहत होता, आणि प्रत्येक निवडणुकीत बेकायदा मत देऊन आला होता. पासपोर्ट परत करताना त्यानं खिडकीतल्या बाईला विचारलं, "आणि शपथ? ती कुठं जमा करायची?"

तिनं फॉर्म वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. "ती यात नाही," ती म्हणाली. बाई सभ्य होती. पुढच्या खिडकीत राहण्याच्या परवान्याचा अर्ज मिळतो हे तिनंच सांगितलं. त्याला जर्मन भाषेच्या परीक्षेचा दाखला लागतो. वास्तव्याची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची; हिशेब केला तर नागरिकत्वाचा नवा अर्ज त्याला चौऱ्याहत्तराव्या वर्षी करता येईल.

डिसेंबरात घटना न्यायालयानं निर्णय दिला, की ती यादी पुरावा म्हणून चालणार नाही. रुस्तेमला दोन ओळींचं पत्र आलं, प्रकरण बंद. बेकिरनं आशेनं वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, तुमच्याविरुद्ध यादी नाहीच, तुमच्याविरुद्ध तुम्ही आहात.

रुस्तेम बकलाव्याचा डबा घेऊन आला. चेष्टा करायची तयारी करून आला असावा, पण दारात उभा राहून नुसतं म्हणाला, "तुझी चूक झाली नाही रे." बेकिरनं डबा घेतला आणि त्याची सायकल जिन्यातून काढायला सांगितली.

पुढच्या मे महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक होती. निवडणुकीआधी इमारतीच्या दाराशी महापालिकेची नोटीस लागते: कोणत्या दारामागे किती मतदार, पुरुष किती, स्त्रिया किती. ती लावणं केअरटेकरचं काम. मी भाजी घेऊन येत होतो. त्यानं नोटीस पाटीवर धरली होती आणि पट्टीनं वरची कड सरळ आहे का बघत होता. पहिलीच ओळ त्याच्या घराची होती. दार क्रमांक एक: पुरुष शून्य, स्त्रिया एक.

"गुरुजी, जरा मागं होऊन सांगा," तो म्हणाला. "तिरकी दिसतेय का?"

"नाही."

त्यानं चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, वरून अंगठा फिरवला आणि दुसऱ्या जिन्याची नोटीस उचलली.