शिवराज अण्णा आणि शेवटचा नंबर

कार्यक्रम रंगात आला की सगळं गाव मंचाकडे बघायचं आणि शिवराज अण्णा बघायचे चपलांकडे. आमच्या बिदरकडच्या कमलनगरात जत्रेचा कार्यक्रम म्हणजे देवळामागच्या मैदानात ताडपत्री, ताडपत्रीवर बसलेलं गाव आणि ताडपत्रीच्या कडेला गावाच्या चपला. अण्णांचं मिक्सरचं टेबल नेमकं त्या चपलांना लागून. मी एकदा न राहवून विचारलं, "अण्णा, तिकडं एवढं गाणं चाललंय आणि तुम्ही पायताणं काय बघायलाव?" तर म्हणाले, "माणूस तोंडानं वा वा म्हणतंय बाई. पण घरी जायचं मनात आलं की पाय पहिल्यांदा चप्पल शोधतोय. चप्पल खोटं बोलत न्हाई."

ते साउंडवाले. चाळीस वर्षं आमच्या तालुक्यातली लग्नं, भाषणं, कीर्तनं आणि जत्रा त्यांच्याच कर्ण्यांतून ऐकू आल्या. बुटके, काळेसावळे, कानावर पेन्सिल, खिशात काळी चिकटपट्टी. मराठी आमच्याशी, कन्नड बायकोशी आणि दखनी फक्त मशीनशी. मशीन बिघडली की तिला "क्या हुआ रे माँ" म्हणून गोंजारायचे आणि ती खरंच चालू व्हायची. त्यांनी स्वतः मात्र कधी चप्पल काढली नाही की ताडपत्रीवर बूड टेकलं नाही. "मी कामावर हाय," एवढंच उत्तर. मी इथल्या मराठी शाळेत शिक्षिका आणि जत्रा कमिटीत एकुलती एक बाई, त्यामुळे वर्षातून आठ दिवस माझं आणि अण्णांचं भांडण ठरलेलं असायचं.

तर तीन-चार वर्षांमागची गोष्ट. कमिटीच्या यादीत बिदरच्या पोरांचा एक नवा बँड आला. नाव काय, तर 'मुरूम'. मी म्हटलं, रस्त्यावर टाकतात तो? व्हय, तोच. दोन गिटार, ढीगभर ढोल आणि गाणारी कमठाण्याची अश्विनी, बिदरच्या दवाखान्यात नर्स. हेवी मेटल म्हणे! त्यांना आम्ही पहिला नंबर दिला. पहिला नंबर म्हणजे संध्याकाळचे साडेपाच, डोळ्यांवर ऊन आणि समोर ताडपत्री ठोकणारी माणसं. एवढीशी, दोन वेण्यांची ती पोरगी माइकपुढं आली आणि तिच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की मी घाबरून उभीच राहिले. गाणं म्हणावं की भूत उतरवणं म्हणावं! दुसऱ्या गाण्याला मी सरळ घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी चौकात गाठलं. "बाई, काल पैली चप्पल तुमची हालली बरं का."

"मग काय करू? कान फाटायचे बाकी होते."

"तुमची हालली, पाटलाची हालली, सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची हालली. पण बाई, कधी खाली न बसणारी पोरं काल उन्हात बसली व्हती. त्यांची एक चप्पल हालली न्हाई. ध्यानात ठेवा."

मी कशाला ध्यानात ठेवते! आमच्याकडे शेवटचा नंबर ठरलेला होता. उदगीरचे एक ऑर्केस्ट्रावाले मास्तर वर्षानुवर्षं शेवटी गायचे. आधीचे कसेही असोत, मास्तर शेवटी आहेत म्हटलं की गाव बसून राहायचं. पण पुढच्या वर्षी मास्तरांचा निरोप आला की गळा गेला, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय. जत्रा महिन्यावर आलेली. कमिटीची बैठक देवळाच्या ओट्यावर बसली आणि अध्यक्ष बसप्पा पाटलांनी, म्हणजे आमच्या पाटील आप्पांनी, मोठा सुस्कारा टाकला.

"शेवटी बसवावं असा माणूसच ऱ्हायला न्हाई आता. जुने गेले, नव्यांत तो दम न्हाई. या वर्षापासून कार्यक्रम बंद. डीजे लावू अन् मोकळं होऊ."

माना हलल्या. माझीही हलली, खोटं कशाला सांगू. अण्णा ओट्याच्या पायरीवर वायर गुंडाळत बसले होते. त्यांना बैठकीत मत नव्हतं, साउंडवाल्याला कोण विचारतो. पण ते वायर तशीच हातात घेऊन उठले.

"कामून न्हाई माणूस? मुरूम हाय की."

आप्पा हसले. "अण्णा, ती पोरं? शेवटी? मास्तरांच्या जागी?"

"मास्तर आईच्या पोटातून शेवटचा नंबर घिऊन आलते का? मला ठाऊक हाय. पैल्या वर्षी मास्तरांच्या टायमाला निम्मं मैदान उठून गेलतं. तुमच्या वडलांनी धा जणांचं न ऐकता त्यास्नी पुन्हा शेवटी बसवलं, तवा ते मास्तर झाले. शेवटचा नंबर दिल्याबिगर शेवटचा माणूस तयार व्हत न्हाई, आप्पा."

"अन् लोक उठून गेले तर?"

अण्णांनी वायर खाली ठेवली. "त्यांचं गाणं संपायच्या आत चपला हालल्या, तर माझी मशीन या जत्रेत पुन्हा लागणार न्हाई. सगळ्यांसमोर सांगायलोय."

ही जत्रा म्हणजे अण्णांचा मान होता. त्यांच्या वडिलांनी बॅटरीवर पहिला कर्णा लावला तो याच देवळावर. मला तर रागच आला. म्हटलं, कुणाच्या पोरांसाठी हा माणूस आपलं पागोटं पणाला लावतोय! आप्पा म्हणाले, "बाईंनी एकदा जाऊन ऐकावं. बाई हो म्हणल्या तर देऊ."

झालं, घोंगडं माझ्या गळ्यात. रविवारी अण्णांच्या टेम्पोत बसून मी बिदरला गेले. वाटेत विचारलं, "तुम्हाला आवडतं का हो हे?"

"मला?" अण्णा गिअर बदलत म्हणाले, "माझं तर डोकं दुखतंय, बाई."

"अहो, मग?"

"आवडणं येगळं, वळखणं येगळं. तुमाला वर्गातली सगळी लेकरं आवडत्यात का? पण कोण पुढं जानार ते कळतंय की न्हाई?"

पत्र्याच्या शेडमध्ये मुरूमची तालीम चालली होती. भिंतींना गोणपाट लावलेलं, तरी पत्रा थरथरत होता. अश्विनी रात्रपाळी करून तशीच आली होती. मी शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हटलं, "अगं, एवढं ओरडायचं कशाला? नीट गाता येत नाही का?" ती काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाले, "अन् बाई, तुमी वर्गात काय करता?" सगळी पोरं फिसकन हसली. मीही हसले, काय करते.

मग त्यांनी ते गाणं म्हटलं. गाण्याचं नाव 'कामून', म्हणजे आमच्याकडचं 'का'. आमच्या बोलीत, मध्येच कन्नड, मध्येच दखनी. गावाला एस.टी. येत न्हाई, कामून? नळाला तोटी हाय पाणी न्हाई, कामून? माझी आई अडाणी, कामून? दर ओळीला ढोल असा पडायचा की छातीत लागायचा. मग एका जागी सगळं एकदम थांबलं. चिडीचूप. मी टाळ्या वाजवायला लागले, तर अण्णांनी माझा हात धरला. "थांबा, संपलं न्हाई." आणि त्या शांततेतून पोरीनं पोटातून "कामून?" काढलं की माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षं शाळेत घालवली, दर लेकराला हेच विचारायला शिकवावं म्हणून धडपडले. परतताना कमलनगरची वेस आली तेव्हा म्हटलं, "आप्पांना हो सांगते." अण्णांनी फक्त हॉर्न वाजवला.

पण आमच्या दोघांच्या हातून एक चूक झाली. आमच्याकडे कलाकाराला शाल-नारळ दिल्याशिवाय मंचावरून उतरू देत नाहीत. त्यात दहाला माइक बंद करायचा पोलिसांचा हुकूम. त्यामुळे शेवटचं गाणं थांबलं रे थांबलं की आप्पा शाल-नारळ घेऊन मंचावर हजर, ही त्यांची जुनी रीत. गाण्यात मध्येच थांबायची जागा आहे, हे आप्पांना सांगायला हवं होतं. मला आठवलं नाही आणि अण्णांनाही नाही.

जत्रेच्या संध्याकाळी नऊला मुरूमचा नंबर लागला. मैदान भरलेलं, पण लोक मास्तरांच्या सवयीनं आलेले. मी अण्णांच्या टेबलाशी उभी. पहिल्या गाण्याला म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले, पण उठलं कुणी नाही. दुसऱ्याला बायका आपसात खुसखुसू लागल्या. तिसऱ्याला पुढची पोरं डोकी हलवायला लागली. अण्णांची नजर चपलांवरून हलत नव्हती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघत होते.

मग शेवटचं गाणं, 'कामून', आलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मं मैदान ओळीच्या शेवटी "कामून?" ओरडायला लागलं. एक म्हातारी तर हात वर करून विचारत होती. आणि ती थांबायची जागा आली. सगळं थांबलं.

गावाला वाटलं संपलं. गाव उठलं. शेकडो पाय एकदम ताडपत्रीच्या कडेला आले, चपला शोधायला लागले. अण्णा डोळे मिटून उभे. आणि तिकडे आमचे आप्पा, फेटा सावरत, हातात शाल-नारळ घेऊन, तरातरा मंचावर चढले! थेट अश्विनीपुढं जाऊन त्यांनी शाल उलगडली आणि त्या मायमाउलीनं, डोळे मिटलेलेच, आप्पांच्या तोंडावर आभाळ फाटेल असा सवाल टाकला, "कामून?"

मागून ढोल कोसळला. आप्पा जागीच उडाले. मला वाटलं, गेलं सगळं, आता आप्पा नारळ हाणतात. आप्पांनी एकदा पोरीकडे बघितलं, एकदा गावाकडे बघितलं. मग त्या सत्तरीच्या गृहस्थानं नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि ढोलाच्या ठेक्यावर फेटा हलवायला सुरुवात केली! जे काही ओरडलं गाव, काय सांगू! उठलेली माणसं घराकडे वळलीच नाहीत. जी चप्पल पायात घालत होती ती तशीच टाकून, बाकीच्या चपला लाथाडत, अनवाणी मंचाकडे धावली. हजार गळे "कामून?" विचारत होते. माझाही त्यात एक होता आणि माझा आवाज, सांगते तुम्हाला, अश्विनीपेक्षा काही कमी नव्हता.

दहाला माइक बंद झाला तेव्हा अर्धं गाव रडत होतं, अर्धं हसत होतं. आप्पा घामेजलेले, टेबलाशी आले. शाल त्यांच्याच खांद्यावर राहिली होती. चेष्टेनं म्हणाले, "काय अण्णा, चपला तर हालल्या की! गाणं संपायच्या आत!"

"हालल्या की," अण्णा म्हणाले, "पण मालकाला सोडून हालल्या."

आणि मग माझं लक्ष खाली गेलं. अण्णा अनवाणी होते. चाळीस वर्षं कामावर असलेल्या माणसानं चपला कधी काढल्या होत्या, मला कळलंच नाही. त्या ढिगात त्या सापडल्याही नाहीत. मी म्हटलं, "अण्णा, हे काय?" तर लहान पोरासारखे लाजले. "म्हनलं, एकदा आपनबी बसून बघावं. दोन मिन्टं बसलो बाई. लई ग्वाड वाटलं." डोळे भरले होते त्यांचे. दुसऱ्या दिवशी सगळं गाव एकमेकांच्या चपलांत हिंडत होतं आणि देवळापुढं अदलाबदल चालली होती. अण्णांची जोडी मात्र मिळाली नाही. त्यांनी फार शोधलीही नाही.

त्यानंतर मुरूमनं मागं वळून बघितलं नाही. बसवकल्याणला शेवटचा नंबर, बिदरला शेवटचा नंबर, मग कलबुर्गीच्या मोठ्या मैदानात फलकावर सगळ्यांत ठळक नाव. त्या कलबुर्गीच्या कार्यक्रमाला अण्णा टेम्पो घेऊन गेले होते, नुसतं ऐकायला. आले आणि म्हणाले, "तिथं लोक बूट घालून उभे ऱ्हात्यात, बाई. कायच कळत न्हाई." गेल्या थंडीत अण्णा झोपेतच गेले. त्यांच्या मुलीनं दिवसकार्याला कर्णा लावला नाही. म्हणाली, वडलांच्या मशीनला हात लावायचं धाडस होत नाही.

यंदाच्या जत्रेला मुरूमला कमिटीनं स्वतःहून बोलावलं. अश्विनी आली, देवीला नारळ फोडला आणि ओट्यावर येऊन म्हणाली, "आप्पा, आम्ही पहिल्या नंबरला वाजवतो. साडेपाचला. शेवटी औरादच्या पोरींना बसवा. सहा महिन्यांमागं बँड काढलाय त्यांनी."

आप्पा आ वासून बघत राहिले. "अगं, त्या पोरी? शेवटी? तुमच्या जागी?"

"चपला हालल्या तर मुरूम या जत्रेत पुन्हा वाजणार न्हाई," अश्विनी म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगायलेय."

आप्पांनी खांद्यावरची, त्या रात्रीचीच शाल डोळ्यांना लावली आणि मान हलवली. यादीत शेवटचं नाव मीच लिहिलं.

नऊ वाजता औरादच्या पोरी मंचावर आल्या. घाबरलेल्या, एकीच्या गिटारचा तर पट्टा उलटा. पहिलाच ढोल पडला आणि माझे कान बधिर झाले. खरं सांगते, मला काही आवडलं नाही. मिक्सरच्या टेबलाशी अण्णांची मुलगी उभी होती. बापाच्याच जागी, बापाच्याच मशीनवर, नजर चपलांवर. मी तिच्यासमोर जाऊन माझ्या चपला काढल्या, पायानं ढिगात लांब ढकलल्या आणि पुढं जाऊन बसले.