नववं पाणी

चार वर्षांपूर्वी, एका सोमवारी सकाळी सात वाजता, मी सिन्नरच्या बसस्थानकावर पुण्याच्या गाडीत बसले. पुढे बंगळुरूला जायचं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. काम काय, ते आईने आप्पांना फलाटावरच सांगितलं: बोकडाचं आतडं धुवायचं.

आप्पा म्हणाले, "एवढी शिकली अन् वजडीच धुनार? मंग घरी काय वाईट होतं?"

तिघंही हसलो. गाडी सात मिनिटं उशिरा सुटली.

आईचं वर्णन बरोबर होतं. आतड्यातल्या पेशी साबणासारख्या द्रावणाने काढायच्या, त्यांना धरून ठेवणारी जाळी शाबूत ठेवायची, ती पाण्याने धुवायची आणि तिच्यावर नव्या पेशी वाढवायच्या. लॅबच्या भिंतीवर लावलेल्या कृतीच्या कागदावर चार वेळा पाणी बदला असं लिहिलं होतं. मी चार वेळा बदललं. नव्या पेशी दुसऱ्या दिवशी मेल्या. पुन्हा केलं, पुन्हा मेल्या. तिसऱ्यांदा जमलं नाही तर काम दुसऱ्या लॅबकडे जाईल, असं लॅबच्या प्रमुख मॅडमनी सांगितलं. माझी नोकरी त्या कामापुरतीच होती. खोलीवर कपडे अजून बॅगेतच होते.

सिन्नरला राहिलेल्यांना माहीत आहे, बाहेर पडलेल्यांना आठवेल: घरी वजडी आली की ती धुण्यात अर्धी सकाळ जाते. मी ते काम कायम टाळलं होतं. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आई वजडी धूत होती. मी शेवटपर्यंत पाहिलं.

"आई, पाणी किती वेळा बदलायचं?"

"मोजतं का कोन? शेवटचं पानी ओतलं तसंच नितळ निघालं पायजे. तुमी काय लावता?"

"साबणासारखं असतं."

"वजडीला साबन! अगं बाई, मंग लय पानी लागंल. हालवून बघ, फेस आला का साबन हाय अजून. अन् चोळू नको, फाटंल."

सोमवारी मी हलवणाऱ्या यंत्राचा वेग निम्मा केला. प्रत्येक पाणी बाटलीत हलवून पाहिलं. आठव्या पाण्याला फेस आला. नवव्याला आला नाही.

सात दिवसांनी नव्या पेशी जिवंत होत्या, जाळीभर पसरलेल्या. मॅडमनी मैसूरपाक वाटला. मी आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "बसल्या का? आता हालवू नको."

त्याच महिन्यात मी कपाट घेतलं.

भिंतीवरच्या कागदात त्या पायरीचं नाव आता 'सिन्नर वॉश' आहे. ते मॅडमनी दिलं. गेल्या आठवड्यात केरळहून आलेल्या नव्या मुलीने विचारलं, सिन्नर हे कुठले शास्त्रज्ञ? मी फोनवर नकाशा उघडला आणि आमच्या गल्लीपर्यंत मोठा केला.