स्पिरिटच्या पाच बाटल्या

सुमतीताईंच्या फ्रिजमधल्या ताकाच्या भांड्यावरही चिठ्ठी असते. तारीख, वेळ आणि ‘मीठ घातले आहे’. तीस वर्षं त्यांनी कल्याणच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी डब्यावर चिठ्ठी डकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

ठाकुर्लीची आमची बिल्डिंग पाच मजल्यांची, बिनलिफ्टची. त्या तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. इथल्या निम्म्या लोकांचे रिपोर्ट कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेत. माझी साखर वाढल्याचं त्यांना माझ्या नवऱ्याच्या आधी कळलं होतं. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी फक्त “पाणी आलं का गं वर?” एवढंच विचारलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुकुल नोकरीसाठी पुण्याला गेला आणि “एक महिनाच सांभाळ, आई” असं म्हणून आपले दोन पाळीव फेरेट त्यांच्या गळ्यात घालून गेला. एक जायफळ, दुसरी खसखस. हातभर पायपुशी गुंडाळावी तसं लांबट अंग, टोकदार तोंड. सगळी बिल्डिंग त्यांना मुंगूसच म्हणते. ती मुंगसं नव्हेत, हे सांगून सांगून सुमतीताई दमल्या आणि शेवटी त्यांनी दारावर तशी चिठ्ठीच लावली. या प्राण्यांना उकाडा सोसत नाही, म्हणून मुकुलच्या खोलीतला एसी त्यांच्यासाठी चालू असतो आणि सुमतीताई बाहेर पंख्याखाली पेपर वाचत बसतात. खसखस पक्की चोरटी. सापडेल ती वस्तू तोंडात धरून कपाटामागे नेते. माझ्या गॅलरीची किल्ली तिथूनच निघाली, सोबत चार मोजे आणि दाताच्या डॉक्टरचं कार्ड.

मागच्या मार्चमध्ये खसखसच्या कानामागे मसुराएवढा दाणा दिसला. दाण्याला पाय होते.

सुमतीताईंनी खणातून चिमटा आणला, कातडीला अगदी लागून धरला आणि सरळ, सावकाश ओढला. तेल नाही, चटका नाही, पिळणं नाही. गोचीड स्पिरिटच्या बाटलीत गेली आणि बाटलीवर तारीख पडली. दुसऱ्या दिवशी तीन निघाल्या, तिसऱ्या दिवशी पाच. पिंजऱ्यातले झुले आणि फडकी उकळत्या पाण्यात गेली. पिंजऱ्याच्या सांध्यासांध्यातून त्यांनी जुना टूथब्रश फिरवला. तरी रोज नव्या येतच होत्या.

हे मला माहीत असायचं कारण म्हणजे त्याच आठवड्यात मी हिंगाच्या रिकाम्या डबीत एक प्राणी घालून त्यांच्याकडे गेले होते.

“जरा बघता का? पण कुणाला सांगू नका हं.”

त्यांनी भिंग लावलं. “गोचीड. कुठे मिळाली?”

“गादीच्या शिवणीत. म्हणजे, तुमच्या त्या...”

“माझ्या मुंगसांनी दिली, असं म्हणायचंय ना? म्हण की.”

“तसं नाही हो!”

“तसंच आहे. बस. गादीला ऊन दे, शिवणीतून ब्रश फिरव. आणि डबी धुऊन ने, नाहीतर आमटीत घालशील.”

आमच्या बिल्डिंगमध्ये गादीतल्या किड्याचा उच्चार करायची रीत नाही. ढेकूण झाले तरी कुणी ढेकूण म्हणत नाही. ‘जरा ऊन दाखवतोय’ म्हणायचं आणि गादी गॅलरीत टाकायची. त्या आठवड्यात मी खालून वर पाहिलं तर पाच गॅलऱ्यांत गाद्या होत्या. ज्याला विचारावं तो म्हणे, उन्हाळ्याची साफसफाई. मीही तेच सांगितलं.

शनिवारी सकाळी सुमतीताईंनी मला हाक मारली. “मोकळी आहेस? पेटी धरायला कुणीतरी हवंय.” खसखस टॉवेलवर पडून होती. बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि गाडी करून आम्ही ठाण्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे निघालो. घोडबंदर रोडला पाऊण तास एकाच सिग्नलला होतो. सुमतीताई सारखं खसखसचं तोंड उघडून हिरड्या बघत होत्या.

“पांढऱ्या झाल्यात,” त्या म्हणाल्या.

डॉक्टर फियोना तरुण, बोलायला मोकळी. तिने खसखसला तराजूत ठेवलं. “सातशे ग्रॅम. आंटी, हिचं रक्त खूप कमी झालंय. मोठ्या कुत्र्याला वीस गोचिडी म्हणजे नुसती खाज. हिला वीस म्हणजे...”

“कळलं मला. हिमोग्लोबिन माझ्या ओळखीचं आहे.”

“या गोचिडी कुत्र्याच्या आहेत. कुत्रा पाळलाय का?”

“नाही.”

“मग बाहेरून येतायत. जेवल्या की भिंतीच्या फटीत जाऊन बसतात, महिनोन्महिने उपाशी राहू शकतात. तुम्ही एकट्या घर धुऊन उपयोग नाही. सगळी बिल्डिंग बघायला हवी.” तिने वजनाप्रमाणे मोजून औषध दिलं आणि बजावलं, “कुत्र्याचं औषध अंदाजाने लावायचं नाही हं, जीव जाईल. आणि पंधरा दिवसांत हे थांबलं नाही तर दोघांना तिथून हलवा. वसईला माझ्या माहितीतल्या बाई आहेत, त्या कायमचे ठेवून घेतील.”

“दोघांना?”

“एकटा राहिला तर तो जेवणार नाही, आंटी.”

परतीच्या वाटेवर सुमतीताईंनी पेटीच्या जाळीतून एक बोट आत घातलं होतं. ते त्यांनी ठाकुर्लीला उतरेपर्यंत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती. सेक्रेटरी हरिहरराव दुसऱ्या मजल्यावर राहतात. आवाज मोठा, कागदपत्रं चोख.

“काही सभासदांच्या घरात कीटक आढळल्याची कुजबूज आहे,” ते म्हणाले. “कुणाच्या, ते मला ठाऊक नाही. पण बिल्डिंगमध्ये प्राणिसंग्रहालय कुणी उघडलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

“तुमच्याकडे नाही ना काही आढळलं, काका?” पहिल्या मजल्यावरच्या हेमांगीने विचारलं. तिला कळ काढल्याशिवाय मीटिंग गोड लागत नाही.

“माझ्याकडे? आमच्या फरशीवर पान वाढा आणि जेवा!”

लोक हसले. सुमतीताई आपली नखं बघत बसल्या होत्या. पंधरा दिवसांत मुंगसं हलवावीत, असं ठरलं. हात वर करा म्हटल्यावर बरेच हात वर झाले. माझा झाला नाही, पण मी तोंडही उघडलं नाही.

जिन्यात मी त्यांना गाठलं. “काहीच कसं बोलला नाहीत तुम्ही? माझ्याकडे गोचीड निघाली ते तुम्हाला माहीत होतं. मी काही...”

“तू काही काय?”

“मीपण बोलले नाही.”

“नाही बोललीस,” त्या म्हणाल्या आणि आपलं कुलूप उघडून आत गेल्या.

सोमवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर टपालपेट्यांखाली त्यांचं शिवणाचं स्टूल मांडलेलं. त्यावर स्पिरिट भरलेल्या झाकणाच्या पाच बाटल्या, प्रत्येकीवर एकेका मजल्याचं नाव. तिसऱ्या मजल्याच्या बाटलीवर पुढेही लिहिलं होतं: ‘सुमती. ८ ते १५ मार्च. गोचिडी २७.’ त्या सत्तावीस आत होत्या. वर भिंतीला कागद लावला होता: ‘माझ्या घरात गोचिडी झाल्या आहेत. आपल्याकडे सापडल्यास चिरडू नये, आपल्या मजल्याच्या बाटलीत टाकावी. नाव लिहू नये.’

माझ्या घरात गोचिडी झाल्या आहेत! असं आमच्या बिल्डिंगमध्ये आजवर कुणी लिहिलं नव्हतं. हेमांगीने त्याचा फोटो काढला.

हरिहरराव फिरून आले आणि थबकले. “हा काय बाजार मांडलाय, सुमतीताई?”

“नमुने गोळा करतेय.”

“कोणी टाकणार नाही, सांगून ठेवतो.”

“मग रिकाम्या राहतील. रिकामी बाटली हाही रिपोर्टच असतो.”

मंगळवारी काही नाही. बुधवारी दुपारी, जिन्यात कुणी नाही असं बघून मी हिंगाची डबी घेऊन उतरले. चौथ्या मजल्याच्या बाटलीत आधीच दोन होत्या. समोरच्यांनी तर मला परवाच शपथेवर साफसफाई सांगितली होती! मी आपल्या चार टाकल्या आणि झाकण लावलं.

शुक्रवारपर्यंत पहिल्या मजल्याच्या बाटलीत नऊ झाल्या. पाचव्याच्या बाटलीत एकही नव्हती. दुसऱ्या मजल्याची मात्र खालचा बोटभर भाग काळा होईपर्यंत भरली होती. मजल्यावर घरं दोनच, आणि हरिहररावांच्या शेजारचं गेले चार महिने बंद आहे. येणारा जाणारा थांबायचा, पाच बाटल्यांवरून नजर फिरवायचा आणि जिना चढायचा. दुसऱ्या मजल्यावर आला की त्याची मान आपोआप सोफ्याकडे वळायची.

तो सोफा हरिहररावांचा. दिवाळीत नवा घेतला तेव्हा जुना त्यांनी जिन्याच्या वळणावर ठेवला, ‘कुणाला तरी उपयोगी पडेल’ म्हणून. उपयोगी तो टोस्टला पडला. टोस्ट म्हणजे आमच्या गल्लीतला तपकिरी कुत्रा. त्याला सगळे पोळी घालतात, म्हणून तो कुणाचाच नाही. दुपारभर तो त्या सोफ्यावर झोपायचा आणि संध्याकाळी पोळीसाठी दारोदार जायचा, पाचव्या मजल्याचा चढ सोडून.

शनिवारी सकाळी मी कचरा घेऊन उतरत होते. सुमतीताई टॉर्च घेऊन सोफ्यापाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. हरिहररावांचं दार उघडलं. मी वरच्याच पायरीवर थांबले.

“सागवानी आहे तो,” हरिहरराव म्हणाले.

“लाकूड उत्तम आहे. ही फट बघा.”

ते वाकले. टॉर्चच्या उजेडात त्यांनी बराच वेळ बघितलं. भिंतीवरही बघितलं, सोफ्याच्या पाठीमागून वर जाणारी गोचिडींची बारीक ओळ. मग कठड्याला धरून उभे राहिले. आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“सुमतीताई, मीटिंगच्या आधी मी तुमच्याकडे काडेपेटीतून जे घेऊन आलो होतो...”

“कुठली काडेपेटी?” सुमतीताईंनी विचारलं.

मी कचऱ्याचा डबा छातीशी धरून आल्या पावली परत वर गेले. म्हणजे मीटिंगच्या आधीच ते येऊन गेले होते. गच्चीवर सुमतीताई एका शब्दात त्यांना गप्प करू शकल्या असत्या!

पुढचं सगळं हरिहररावांनी केलं, आणि चोख केलं. सोफा खाली गेला. टोस्टला फियोनाने तपासून औषध दिलं, पट्टा घातला. जिन्यातल्या भिंतींच्या फटी बुजवल्या. फवारणीच्या दिवशी जायफळ आणि खसखस पाचव्या मजल्यावर पाहुणे गेले आणि एका सँडलचं बक्कल घेऊन परत आले. रविवारी गच्चीवर सगळ्यांच्या गाद्या एकदम पडल्या. सर्वांत आधी हरिहररावांची, डोक्यावरून आणलेली.

“ऊन दाखवताय का काका?” हेमांगीने विचारलं.

“नाही. गोचिडी झाल्यात,” ते म्हणाले.

पंधरावा दिवस उलटून गेला. मुंगसांच्या ठरावाचा विषय कुणी काढला नाही. एप्रिलच्या अखेरीस मी सुमतीताईंकडे विरजण मागायला गेले. खसखस त्यांच्या मांडीत उताणी पडली होती. त्यांनी तिचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या. गुलाबी.

“आणि हे बघ.” टेबलावर एक बाटली होती. ‘तिसरा मजला. ६ ते २७ एप्रिल.’ आत नुसतं स्पिरिट. “संध्याकाळी फियोनाला दाखवायला नेणार आहे.”

तिला खुर्चीवर ठेवून त्या विरजण काढायला आत वळल्या. खसखस खुर्चीवरून टेबलावर चढली आणि बाटलीची मान दातांत धरून मागच्या मागे सरकत कपाटाकडे निघाली.

“अहो, बाटली! बाटली नेली तिने!”

सुमतीताई वाटी घेऊन बाहेर आल्या. कपाटामागून काच टणकन वाजल्याचं ऐकू आलं.

“नेऊ दे,” त्या म्हणाल्या. “तिचाच रिपोर्ट आहे.”