खांद्याच्या शिवणीतली पट्टी

मुलुंडच्या ज्या हॉस्पिटलात माझी आई शिवणखात्यात होती, तिथेच माझ्या पट्टीची पहिली चाचणी झाली. हा योगायोग नव्हता. आमच्या साहेबांना मीच सुचवलं होतं की तिथे ओळख आहे, परवानगी लवकर मिळेल. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यातला माझा वाटा मला सोयीने विसरायला होतो.

आम्ही घाटकोपरला राहतो. मी तेव्हा अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका गाळ्यात इंजिनिअर होते. छोटी कंपनी. आम्ही आरएफआयडी टॅग बनवायचो. गाडीच्या काचेवर टोलसाठी चिकटवतात, तसल्याच जातीचे. त्यात बॅटरी नसते. अरुंद पट्टीवर तिळाएवढी चिप आणि तिला जोडलेली बारीक तार, एवढंच. दाराशी बसवलेलं यंत्र रेडिओलहरी सोडतं. त्या लहरींच्या बळावर चिप क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा गप्प होते.

हॉस्पिटलला चादरींसाठी टॅग हवे होते. धुलाईला गेलेल्या चादरी परत येताना कमी भरायच्या, आणि रक्ताने माखलेली गाठोडी उघडून मोजायला कुणीच तयार नसायचं. गाठोडं न उघडता आतल्या चादरी कळल्या पाहिजेत. चांगलं काम होतं ते, आजही मला तसंच वाटतं. अडचण एकच, आमचे टॅग पंधरा-वीस धुलाया झाल्या की मरायचे. गरम रोलरखालून चादर निघाली की चिप आणि तार यांचा सांधा तुटलेला असायचा. मी गोंद बदलला, तार बदलली, वरून रबर ओतून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

एका रविवारी मी मेलेले टॅग घरी आणून भिंगाखाली बघत बसले होते. आई शेजारी गवार मोडत होती. तिने एक चादरीचा तुकडा उचलला आणि उलटा करून पाहिला.

"ही टीप कुणी मारली?"

"आमच्याकडच्या बाईने. का गं?"

"चारही बाजूंनी आवळून टाकलीय. रोलरखाली कापड ओढलं जातं, मग ही पट्टी पण ओढली जाणार. तुटेल नाहीतर काय करेल?" तिने काठाची घडी बोटाने उघडून दाखवली. "इथे लहान पिशवी कर, आणि आत तिका मोकळी सोड. टीप फक्त पिशवीला मारायची."

आई मालवणची. घरात शुद्ध बोलता बोलता मध्येच एखादा शब्द तिकडचा यायचा.

तिने सांगितलं तशी पिशवी केली. पट्टी शंभर धुलायांनंतरही बोलत होती. साहेबांनी पेटंटचा अर्ज केला, त्यात संशोधक म्हणून माझं नाव लागलं. आईचं नाव घालायचं मला सुचलंच नाही. तिलाही सुचलं नाही. तिने सोसायटीत पेढे वाटले.

पुढचा विचार साहेबांचा. ते म्हणाले, "चादर कुठे आहे ते कळतं, तर चादर बदलणारी मावशी कुठे आहे ते का कळू नये?" हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना ही कल्पना फारच आवडली. प्रत्येक दारावर आणि खोल्यांच्या छताला यंत्रं बसवायचं ठरलं.

यात अडचण वेगळी होती. माणसाच्या अंगात पाणी, आणि पाणी या लहरी गिळून टाकतं. अंगाला चिकटलेली पट्टी यंत्राला दिसतच नाही. मी तीन महिने त्याच्यामागे होते. शेवटी खांद्याच्या शिवणीत, पट्टीखाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाडसर तुकडा घातला. पट्टी अंगापासून तेवढीच दूर झाली आणि स्क्रीनवर ठिपका उमटला. मी स्वतः तो सदरा घालून गाळाभर फिरले. सहकारी स्क्रीनकडे बघून ओरडून सांगत होता, आता जिन्यापाशी, आता पाण्याच्या कूलरपाशी. मी बाथरूमला जाऊन आले तर तो म्हणाला, "चार मिनिटं, मॅडम." सगळे हसले. मीही हसले.

गणवेशांत पट्ट्या शिवायचं काम शिवणखात्याकडे, म्हणजे आईकडेच गेलं. हॉस्पिटलच्या तळघरात तिची खोली होती, दोन मशिनं आणि छताला लागलेला पंखा. पहिला गठ्ठा आला त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "बायकांना सांगितलंय का, हे काय आहे ते?"

"ऑफिस सांगेल ना."

"मला ऑफिसने सांगितलं, कोणी विचारलं तर धुलाईचा नंबर आहे म्हणायचं."

"मग तसंच म्हण. धुलाईला पण उपयोग होतोच त्याचा."

मग तिने कुकर लावला. दुसऱ्या दिवसापासून बायकांनी खांदा चाचपून विचारलं की ती धुलाईचा नंबर म्हणायची. त्यांनी विश्वास ठेवला, कारण सांगणारी ती होती.

तिसऱ्या मजल्यावर एक मावशी होत्या, जालन्याकडच्या, पन्नाशी उलटलेल्या. आईची आणि त्यांची डब्याची जोडी. आई सोलकढी न्यायची, त्या ठेचा. त्यांना साखरेचा आजार होता, त्यामुळे लघवीला वारंवार जावं लागायचं. आधी हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पट्ट्या सुरू झाल्यावर दर सोमवारी सुपरवायझरच्या हातात कागद यायला लागला. कोण कुठे किती वेळ थांबलं, सगळं त्यात. त्याने एका सकाळी हजेरीच्या वेळी, सगळ्यांसमोर, त्यांना विचारलं, "मावशी, दिवसातून अकरा वेळा? तिथेच बसून असता की काय?"

आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता.

"त्याला कसं कळलं गं, अकरा वेळा?"

तिला ते ठाऊकच होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच.

मग आठवड्याभराने ती म्हणाली, "ती ड्यूटीवर पाणी प्यायची बंद झालीय. सोलकढी पण नको म्हणते."

मी म्हटलं की मी साहेबांशी बोलते. बोललेही. साहेब म्हणाले, "आपण माहिती देतो. त्या माहितीचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं." मला ते त्या वेळी पटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं.

ऑक्टोबरचा उकाडा होता. एका दुपारी त्या मावशी तिसऱ्या मजल्यावरच्या कपड्यांच्या खोलीत चक्कर येऊन पडल्या. कुणी पाहिलं नाही. एका पेशंटची मुलगी ब्लँकेट मागायला म्हणून आली, तिला त्या दिसल्या. हॉस्पिटलात असल्यामुळे उपचार लगेच झाले, वाचल्या. पण अंगातलं पाणी पार गेलेलं, लघवीत संसर्ग, बरेच दिवस सलाईनवर. नंतर मुलाने त्यांना कामावर पाठवलंच नाही. ते लोक जालन्याला परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात बसून त्या दुपारची नोंद उघडली. ती बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा ठिपका कपड्यांच्या खोलीत थांबलेला होता. दहा मिनिटांनी तो हिरव्याचा पिवळा झाला होता. पिवळा म्हणजे बसून आहे, काम करत नाही. तो रंग मीच ठरवला होता. एकतीस मिनिटं तो पिवळा राहिला. मध्ये एकदा सुपरवायझरच्या फोनवर सूचना गेली होती आणि त्याने ती पाहिल्याचीही खूण होती. त्याने काय समजून घेतलं असेल ते मला कळत होतं. मशिनने जे सांगितलं तेच. मी ती नोंद तीन-चारदा पुढेमागे केली. त्या पडल्याचं त्यात कुठेच दिसत नव्हतं. बसणं आणि पडणं यातला फरक माझ्या पट्टीला कळत नव्हता, आणि कळायला हवा असं मला चाचणीत एकदाही वाटलं नव्हतं.

घरी मी आईला हे सांगितलं. तिने हातातली ताटली खाली ठेवली.

"एकतीस मिनिटं दिसत होती ती?"

"हो."

"सगळ्यांना?"

"ज्याच्याकडे स्क्रीन आहे त्याला."

ती उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ वाळलेले कपडे काढत राहिली.

त्यानंतर पट्ट्या मरायला लागल्या. आधी आठवड्याला दोन-चार, मग रोजच्या पाच-सहा. हॉस्पिटलने तक्रार केली, साहेबांनी मला कारण शोधायला सांगितलं. शोधायला फार वेळ लागला नाही. प्रत्येक पट्टीची शेवटची नोंद एकाच यंत्रावर होती. तळघरात, शिवणखात्याच्या दारावरचं यंत्र. गणवेश आत जायचा, बाहेर यायचा तो मुका होऊन.

मी त्या दिवशी लवकर घरी आले. आई चहा गाळत होती.

"आई, तू पट्ट्या काढतेयस?"

"हो." तिने कप माझ्यापुढे ठेवला. "बटण लावायला येतात, बाही उसवली म्हणून येतात. एका खांद्याला दोन मिनिटं लागतात मला."

"ऑफिसला कळलं तर तुझी नोकरी जाईल. माझी पण जाईल."

"मग लिही ना माझं नाव. तुझं कामच आहे ते."

"असं काय बोलतेस?"

"तिने मला विचारलेलं, खांद्यात काय टोचतंय म्हणून. मी तिच्या तोंडावर खोटं बोलले, तुझ्यासाठी." तिने कप उचललाच नाही. "तू मला परत त्याबद्दल काही विचारू नको."

मी अहवालात लिहिलं की इस्त्रीच्या उष्णतेमुळे सांधा निकामी होतो. सोबत आमच्या जुन्या मेलेल्या टॅगचे फोटो जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी कामाच्या कागदावर खोटं लिहिलं, आणि मला वाटलं की आता साहेब वैतागून हा प्रकल्प गुंडाळतील.

साहेबांनी अहवाल शांतपणे वाचला. म्हणाले, "पट्टीच उष्णतेने मरत असेल तर पट्टी नकोच. धाग्यात आणता येईल का? कापड विणतानाच?"

मी नाही म्हणू शकले असते. पण तो प्रश्न मला रात्रंदिवस खायला लागला. पोलादाचा केसासारखा धागा सुतासोबत पिळायचा, तोच तारेचं काम करणार. चिप विणीतच, त्या धाग्याला न टेकता, नुसती जवळ. सांधाच नाही, मग तुटणार काय? मी त्याच्यावर चार महिने काम केलं. आई समोर असताना लॅपटॉप बंद करायचे. दुसऱ्या पेटंटच्या अर्जातही माझं नाव आहे.

नवे गणवेश भिवंडीहून थेट शिवून आले. आकाशी रंगाचे, मऊ. शिवणखात्यातल्या बायकांसाठीसुद्धा. आईने तिचा घरी आणला, खिडकीशी उजेडात धरला, उलटा केला. खांदे चाचपले, कॉलर, बाह्या, खालचा काठ. तिची बोटं चाळीस वर्षं कापडात गेलेली. तिला काही सापडलं नाही.

"कुठे आहे?"

"कापडातच आहे, आई."

"म्हणजे नेमकं कुठे?"

"सगळीकडे. काढायचं तर कापड फाडावं लागेल."

तिने गणवेश नीट घडी करून पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तोच घालून कामाला गेली. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, आणि तिला आता भांडायचं नव्हतं, असं ती म्हणाली.

मी गाळ्यात पोचले तेव्हा तळघरात एक नवा ठिपका होता. हिरवा. मी दुसरं काम उघडलं, पुन्हा त्यावर आले. साडेबारापर्यंत तो दोन मशिनांच्या मध्ये ये-जा करत होता. मग थांबला. जेवणाची वेळ होती, हे मला माहीत होतं. दहा मिनिटांनी तो पिवळा झाला. मी फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. चौथ्यांदा तिने उचलला.

"जेवतेय. काय झालं?"

"काही नाही. सहज केला."

तिने घास गिळला. मग म्हणाली, "तू बघत बसलीस काय गो माका?"

मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला नाही. मला डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि माझ्यासमोर तो ठिपका पुन्हा हिरवा झाला.