बोट दाजींचं, आवाज ढोलाचा

शिंदखेड्यात भाच्याची वरात निघाली आणि माझ्या दाजींनी, म्हणजे नवरदेवाच्या बापाने, कमरेचं परवान्याचं पिस्तूल उपसलं. हवेत बार काढल्याशिवाय त्यांना लग्न लागल्यासारखं वाटेना. मी हात जोडले, बहीण रडकुंडीला आली, पण दाजी ऐकेनात.

तेवढ्यात बँडमधला ढोलवाला नाचत नाचत आडवा आला. मेंदीने लाल मिशी, कानात अत्तराचा बोळा. वैद्याने नाडी बघावी तसा त्याने दाजींच्या मनगटावर हात ठेवला.

"नाना, लायसन ठेवाले शे, हवामा उडावाले नही. पोलीस उनात ते तुम्ही आत जाशात, नि पोर्‍या मांडवमा एकला."

"मग वरात मुकीच न्यायची?" दाजी गुरकावले.

"बोट तुमनं, आवाज मना."

पिस्तूल कमरेला परत गेलं. दाजींनी बोट आभाळाकडे रोखलं आणि ढोल असा कडाडला, की व्याही मटकन खाली बसले.

दाजी आजही ऐटीत सांगतात, पोराच्या वरातीत चांगले पाच बार काढले. मी खोडून काढत नाही. हे ते घरच्या झोपाळ्यावरून सांगतात, कोर्टाच्या बाकावरून नाही. त्या लाल मिशीला मी मनातल्या मनात सलाम करतो आणि झोपाळ्याला एक झोका देतो.