काचेवरची सुजाता

न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनच्या लायब्ररीत जुन्या पद्धतीच्या फोटोग्राफीचा क्लास सुरू झाला. आठवडाभर डेअरी कंपनीच्या लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासून मी कंटाळलेली असायचे, म्हणून लगेच नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई वयस्कर, पायात बाराही महिने जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. पहिल्याच दिवशी त्यांनी फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातला एक फोटो दाखवला. डोक्यावरून शाल घेतलेली मेरी, मांडीवर बाळ येशू.

"ही मेरी म्हणजे घरात काम करणारी मुलगी," बाई म्हणाल्या, "आणि येशू शेजाऱ्यांचा."

देवाधर्माचे विषय चित्रकारांनी काढावेत, कॅमेऱ्याचं ते काम नाही, असं तेव्हा बऱ्याच लोकांना वाटायचं म्हणे. मला मात्र ती मेरी फार आवडली. तिच्या डोळ्यांत अपुरी झोप दिसत होती.

मग आम्हा प्रत्येकाला आपल्या धर्मातली एक गोष्ट फिल्मऐवजी काचेवर फोटो काढून उतरवायला सांगितली. मी सुजाता निवडली, तपाने खंगलेल्या सिद्धार्थाला खीर देणारी. आई तेव्हा नागपूरहून आमच्याकडे आली होती. तिला त्या मेरीच्या फोटोबद्दल सांगून सुजाता होशील का विचारलं, तर म्हणाली, "सुजाता तरुण होती गं. माझे गुडघे बघ."

"ती मेरी तरी कुठे खरी मेरी होती?"

हे तिला पटलं. तिने विहारात नेसायची पांढरी साडी काढली आणि सकाळीच खीर करायला घेतली. सिद्धार्थ म्हणून नवऱ्याला बसवलं. आमची मुलगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "बट डॅड इजन्ट ईव्हन स्किनी."

"खीर खाऊन झाल्यानंतरचा सिद्धार्थ समजा," नवरा म्हणाला.

बाईंच्या बागेत मोठा लाकडी कॅमेरा लावला. लेन्सचं झाकण काढल्यापासून परत लावेपर्यंत कुणी हलायचं नव्हतं. बाईंनी झाकण काढलं. नवरा डोळे मिटून बसला, आई वाटी घेऊन वाकली. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात नवऱ्याच्या पोटात गुरगुरलं. आईला राहवेना.

"जावई, आधी दोन घास खाऊन घ्या," म्हणत तिने चमचा थेट त्याच्या तोंडाशी नेला.

मी कपाळाला हात लावला. पण काच धुतल्यावर हळूहळू चित्र उमटलं, तेव्हा मी काच उजेडाकडे धरली. नवरा स्पष्ट आला होता. आईचा हात मात्र धुक्यासारखा पांढरा पसरला होता आणि चेहऱ्यावर, समोरचा माणूस उपाशी आहे, एवढीच काळजी होती.

"दुसरा काढायचा नाही," बाई म्हणाल्या. "जुन्या फोटोंतली बाळंसुद्धा अशीच हललेली आहेत."

लायब्ररीत आमची चित्रं मांडली, त्या दिवशी आई साडीवर पफर जॅकेट घालून आपल्या फोटोशेजारी उभी राहिली. चर्चला जाणारे एक आजोबा बराच वेळ फोटो बघत होते. ही कोण संत, असं त्यांनी विचारलं. मुलीने तो प्रश्न आईला मराठीत सांगायचा प्रयत्न केला.

"त्यांना म्हणावं, मी तुझी आजी," आई म्हणाली. "आणि विचार, जेवलेत का."

ते जेवले नव्हते. पुढच्या रविवारी ते बायकोला घेऊन आमच्याकडे जेवायला आले, येताना घरच्या झाडाची पिशवीभर लिंबं घेऊन.