काकांचे चार निळे ड्रम

आमच्या घरात काय चाललंय हे माझ्या सासूबाईंच्याही आधी कळणारा माणूस जगात एकच, तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. त्यासाठी ते कधी दाराला कान लावत नसत. आमची कचऱ्याची बादली बघत. डोंबिवलीतल्या आमच्या बिनलिफ्टच्या सोसायटीत, पंपाच्या खोलीमागे त्यांनी खताचे चार निळे ड्रम मांडले होते आणि रोज सकाळी हातात काठी घेऊन ते तिथे हजर. सगळ्या बिऱ्हाडांचा ओला कचरा त्यांच्या नजरेखालून जायचा. "काय गं, पोळ्या करपल्या? माहेरचा फोन आला होता वाटतं!" असं जिन्यात एकटीला गाठून विचारायचे, आणि मेलं खरं असायचं ते!

"निसर्गात कचरा नसतोच. एकाचं उष्टं ते दुसऱ्याचं ताट," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणाच्या बादलीत प्लास्टिक दिसलं की संपलंच. "आत लाखो जीव पंगतीला बसलेत आणि तू त्यांना दुधाची पिशवी वाढतेस?" त्या जिवांना दर शनिवारी आंबट ताक मिळायचं, काकूंना कढीला उरलं तर उरलं. कल्याणला एका लग्नात लोक आइस्क्रीमच्या रांगेत होते, तेव्हा काका मटारच्या सालींची दोन पोती रिक्षात चढवत होते. "काका, म्हैस पाळली काय?" रिक्षावाल्याने विचारलं. "एक नाही रे, लाखो!" म्हणाले.

ड्रममध्ये मासे-मटण टाकायचं नाही, हा त्यांचा एकच कडक नियम. तो मोडला मी! एका रविवारी पाहुणे आलेले, घंटागाडी चुकली आणि आठ बांगड्यांची डोकी, काटे मी तिसऱ्या ड्रममध्ये कोथिंबिरीच्या काड्यांखाली दडपून आले. चार दिवसांत वास जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. झाकणावर मांजरांची सभा, आणि सेक्रेटरींनी माणसांची लावली. विषय एकच, ड्रम हलवा. निवृत्तीनंतर काकांनी जीव लावला तो त्या ड्रमांनाच. त्यांचं तोंड उतरलेलं दिसत होतं, पण सभेत कबूल करायची माझी हिंमत काही झाली नाही.

काका उभे राहिले. "चूक माझी. सुका पाला कमी घातला, ढवळायचंही राहिलं. एक महिना द्या. पुन्हा वास आला तर मीच ड्रम काढीन." लोक कुरकुरले, पण महिना मिळाला. जिन्यात त्यांना गाठून मी रडतच सगळं सांगितलं. ते हसायलाच लागले. "अगं, जन्मात मासा खाल्ला नाही, पण बांगड्याचा काटा ओळखतो मी. बादलीतलं चारचौघांत बोलायचं नसतं. उद्या साडेसहाला खाली ये, उपसायचंय." नाकाला ओढणी बांधून मी महिनाभर उपसलं, पाला घातला, ढवळलं. ड्रम राहिले.

आता काकांचे गुडघे जिना मानत नाहीत. ढवळते मी, आणि लोकांच्या बादल्यांवर खेकसतेही मीच. दर रविवारी मूठभर तयार खत वाटीत घेऊन वर जाते. खुर्चीत बसलेले काका डोळे मिटून वास घेतात.

"बांगडा नाही ना गं?"

"नाही हो काका."

मग ते हसतात. वाटी मात्र लवकर परत देत नाहीत, आणि मीही मागत नाही.